यू-१८०: नेताजींना घेऊन गेलेली जर्मन पाणबुडी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मनीहून पाणबुडीने पूर्वेकडे गेले, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. ती पाणबुडी कोणती, ती आधी काय करत होती, नेताजी उतरल्यावर तिचं काय झालं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. पाठ्यपुस्तकातल्या त्या एका ओळीपलीकडे या बोटीचा स्वतःचा इतिहास आहे. त्यात फसलेली यंत्रं आहेत, बुडवलेली जहाजं आहेत आणि परत न आलेली माणसं आहेत. लोक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

यू-१८० कुठे आणि कधी बांधली?

जर्मनीच्या उत्तरेकडच्या ब्रेमेन शहरात, 'आ. गे. वेझर' या गोदीत. बांधणी २५ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झाली, १० डिसेंबर १९४१ ला ती पाण्यात उतरली आणि १६ मे १९४२ ला जर्मन आरमारात रुजू झाली. पहिले कप्तान होते वेर्नर मुसेनबर्ग. सुरुवातीचे महिने बाल्टिक समुद्रात सरावात गेले. फेब्रुवारी १९४३ पासून ती फ्रान्समधल्या बोर्दो बंदरातल्या १२ व्या तुकडीत गणली जाऊ लागली.

नावातल्या 'यू' चा अर्थ काय?

जर्मन भाषेत पाणबुडीला 'उंटरझेबोट', म्हणजे समुद्राच्या पोटातून जाणारी बोट, म्हणतात. त्याचं पहिलं अक्षर म्हणजे 'यू'. पुढचा आकडा फक्त क्रमांक. जपानी मोठ्या पाणबुड्यांच्या नावात तसंच 'आय' असतं, म्हणून या गोष्टीतली दुसरी पाणबुडी, जिच्यावर नेताजी वाटेत चढले ती, आय-२९.

ही बोट इतर जर्मन पाणबुड्यांपेक्षा वेगळी होती का?

हो, आणि तिच्या नशिबात पुढे जे आलं त्यातला बराच भाग याच वेगळेपणातून आला.

जर्मनीने लांब पल्ल्यासाठी 'नऊ-डी' नावाच्या मोठ्या पाणबुड्या आखल्या होत्या. त्यातल्या 'नऊ-डी-एक' या उपप्रकारात फक्त दोन बोटी झाल्या, यू-१८० आणि यू-१९५. लांबी सुमारे ८७.६ मीटर, पृष्ठभागावर वजन १,६१० टन. टॉर्पेडो सोडायच्या नळ्या सहा, चार पुढे आणि दोन मागे. डेकवर १०.५ सेंटीमीटरची तोफ.

त्या काळातल्या पाणबुड्या बहुतेक वेळ पाण्याच्या वरच असत. डिझेल इंजिनाला हवा लागते आणि ती पाण्याखाली मिळत नाही. वर असताना डिझेलवर चालायचं, बॅटऱ्या भरून घ्यायच्या, आणि विमान किंवा युद्धनौका दिसली की बुडी मारून विजेच्या मोटरवर सरकायचं. पाण्याखाली यू-१८० चा वेग जेमतेम ६.९ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) होता. म्हणजे वरचा वेग जितका जास्त तितका लांबचा पल्ला लवकर गाठता येणार. हा वेग मिळवण्यासाठी डेमलर-बेंझची वीस सिलिंडरची सहा इंजिनं बसवली. ही इंजिनं मुळात छोट्या वेगवान टॉर्पेडो बोटींसाठी केलेली. सहांची मिळून ९,००० अश्वशक्ती आणि पृष्ठभागावर वेग २० नॉटच्या वर. कागदावर हे फार छान दिसत होतं.

मग इंजिनं नीट चालली का?

नाही. ती धूर ओकायची. शत्रूला दिसू नये म्हणून केलेली बोट, आणि तिच्यामागे लांबून दिसणारा काळा पट्टा! शिवाय ही यंत्रं भयंकर तापत. उत्तर अटलांटिकच्या थंडीत ते कसंबसं चालून गेलं असतं, पण विषुववृत्त ओलांडून जाणाऱ्या बोटीत इंजिनाच्या खोलीत उभं राहणं म्हणजे काय, याची कल्पना मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली वेल्डिंग करणाऱ्यांनाच येईल. एकाच सफरीनंतर जर्मन आरमाराने ही इंजिनं काढून टाकायचं ठरवलं, यातच सगळं आलं.

नेताजींना पाणबुडीनेच का जावं लागलं?

नेताजी जानेवारी १९४१ मध्ये कोलकात्यातल्या नजरकैदेतून निसटले आणि काबूल, मॉस्को असं करत एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोचले. काबूलच्या पुढे ते 'ऑर्लांडो मझोटा' या नावाच्या इटालियन पासपोर्टवर गेले. बर्लिनमध्ये त्यांनी आझाद हिंद केंद्र उभं केलं, रेडिओ सुरू केला, युद्धकैदी हिंदी सैनिकांतून फौज उभी केली. पण जर्मन सरकारकडून हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचं स्पष्ट आश्वासन मिळेना. मे १९४२ मध्ये हिटलरची भेट झाली तरी पदरात फार काही पडलं नाही.

दरम्यान जपान युद्धात उतरला होता. सिंगापूर पडलं, ब्रह्मदेश पडला, आणि हजारो हिंदी सैनिक जपानच्या ताब्यात होते. लढाई आता हिंदुस्थानच्या पूर्व दारावर आली होती आणि नेताजींना तिथे असायचं होतं. जमिनीवरून वाट नव्हती. विमानाचा विचार झाला, पण सोव्हिएत किंवा ब्रिटिश प्रदेशावरून उडणं धोक्याचं होतं. साध्या जहाजाला ब्रिटिश आरमाराने वाटेत गाठलं असतं. उरली पाणबुडी.

ते कधी निघाले? बरोबर कोण होतं?

९ फेब्रुवारी १९४३ ला, बाल्टिक किनाऱ्यावरच्या कील बंदरातून. बरोबर एकच सहकारी, हैदराबादचे आबिद हसन. हसन जर्मनीत इंजिनिअरिंग शिकायला गेलेले आणि तिथे नेताजींचे सचिव झालेले. 'जय हिंद' ही घोषणा रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. आपण कुठे चाललो आहोत हे त्यांनाही आधी सांगितलेलं नव्हतं.

मागे व्हिएन्नात एमिली शेंकल आणि जेमतेम अडीच महिन्यांची अनिता होती. निघण्याच्या आदल्या दिवशी, ८ फेब्रुवारीला, नेताजींनी थोरले भाऊ शरदबाबूंसाठी बंगालीत पत्र लिहून ठेवलं. आपण पुन्हा धोक्याच्या वाटेवर निघालो आहोत, कदाचित परत येणार नाही, माझ्या बायकोला आणि मुलीला आपलं मानावं, असा त्यातला आशय. नेताजी बर्लिनमध्येच आहेत असं वाटावं म्हणून त्यांची आधी ध्वनिमुद्रित केलेली भाषणं ते निघाल्यावरही रेडिओवरून लागत राहिली.

बोटीतला प्रवास कसा होता?

अरुंद आणि कोंदट, शिवाय डिझेलचा वास. हसन यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींत तो वास सगळीकडे आहे, पांघरुणात आणि पावातसुद्धा. मधल्या बोळवजा वाटेच्या कडेला झोपायच्या फळ्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट द्यायला प्रत्येक वेळी अंग चोरून घ्यायचं. पंचावन्नहून जास्त माणसं या नळकांड्यात अडीच महिने राहिली.

जेवणाबद्दलची हसन यांची आठवण मला फार आवडते. खलाशांचं गोमांस आणि जाड पाव नेताजींच्या घशाखाली उतरेना. मग हसन यांनी कोठारात शोधाशोध केली आणि त्यांना तांदूळ आणि डाळ सापडली, शिवाय अंड्यांच्या भुकटीचा मोठा डबा. मग समुद्राखाली डाळभात शिजू लागला. नेताजींनी ते ताट जर्मन अधिकाऱ्यांनाही आग्रहाने वाढायला सुरुवात केली आणि हसन यांच्या पोटात गोळा आला, कारण साठा मोजका होता आणि वाट लांबची.

दिवसभर नेताजी काम करत. आशियात पोचल्यावर कुणाला काय सांगायचं, जपानी पंतप्रधानांशी कसं बोलायचं, भाषणं कशी करायची, याची तयारी चाललेली. ते सांगत आणि हसन लिहून घेत. एकदा बोट मोठ्या संकटात सापडली. आता सगळं संपलं असं वाटून हसन यांचा हात थांबला, तेव्हा नेताजींनी शांतपणे विचारलं की मी हा मुद्दा दोनदा सांगितला, तू लिहून का घेतला नाहीस. हसन यांनी ही आठवण आयुष्यभर सांगितली.

नेताजी बोटीवर असताना यू-१८० ने जहाज बुडवलं, हे खरं आहे का?

खरं आहे. १८ एप्रिल १९४३ ला, दक्षिण आफ्रिकेला वळसा घालताना, 'कॉर्बिस' हे ८,१३२ टनांचं ब्रिटिश तेलवाहू जहाज यू-१८० च्या टॉर्पेडोंना बळी पडलं. पोटात तेल असलेलं जहाज. आजूबाजूचा समुद्रच पेटला. बहुतेक खलाशी त्यात गेले.

या भागावरून घाईने पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. हसन यांच्या आठवणीनुसार जळत्या जहाजावर त्यांना हिंदी आणि मलायी वाटणारी माणसं दिसली. जीवरक्षक होडी गोऱ्या खलाशांना मिळाली आणि ही माणसं मागे राहिली. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर तेव्हा हजारो हिंदी खलाशी कामाला होते. आपल्या कोकणातलेही, विशेषतः रत्नागिरीकडचे. सारंग, तांडेल, आगवाले ही नावं त्यांच्याच कामांची. स्वातंत्र्यासाठी निघालेला माणूस ज्या बोटीत बसला होता, त्याच बोटीने ते जहाज पेटवलं. नेताजींच्या हातात तो निर्णय नव्हता. तो मुसेनबर्ग यांचा होता, आणि पाणबुडीचं कामच ते होतं. तरीही हा प्रसंग वगळून या प्रवासाची गोष्ट सांगणं मला बरोबर वाटत नाही.

जपानी पाणबुडीवर बदली नेमकी कशी झाली?

जपानी पाणबुडी आय-२९ मलायातल्या पेनांगहून निघाली होती. तिचे कप्तान जुइची इझू, आणि वर तुकडीचे प्रमुख मासाओ तेराओका. ठरलेली जागा मादागास्करजवळच्या समुद्रात, अंदाजे २५ अंश दक्षिण आणि ६० अंश पूर्व. २६ एप्रिलला दोन्ही बोटींनी एकमेकींना पाहिलं, पण समुद्र इतका खवळलेला होता की जवळ येणंच शक्य नव्हतं. दोन्ही बोटी एकमेकींच्या सोबतीने संथ चालत राहिल्या, वारा पडायची वाट बघत.

२८ एप्रिलला संधी मिळाली. दोन बोटींमध्ये दोर ताणला आणि त्या दोराच्या आधाराने रबरी तराफा सोडला. नेताजी आणि हसन त्या तराफ्यावर. खाली हिंदी महासागर, वरून लाटा. पलीकडे पोचेपर्यंत दोघे नखशिखांत भिजले होते. दुसऱ्या महायुद्धात दोन वेगवेगळ्या देशांच्या पाणबुड्यांमध्ये समुद्रात नागरी प्रवाशांची अशी अदलाबदल झाल्याचं हे एकमेव ज्ञात उदाहरण आहे.

आय-२९ वर तेराओका यांनी आपली खोली पाहुण्यांना दिली. जपान्यांनी पेनांगमधून हिंदी मसाले आधीच आणून ठेवले होते. दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, जपानच्या सम्राटाचा वाढदिवस होता, त्यामुळे बोटीवर मेजवानी झाली. अडीच महिन्यांच्या डिझेलच्या वासानंतर तिखटाची चव! आपण घरी आल्यासारखं वाटलं, असं हसन सांगत.

बदल्यात जर्मन बोटीवर कोण आणि काय गेलं?

जपानी आरमाराचे दोन अधिकारी, तेत्सुशिरो एमी आणि हिदेओ तोमोनागा. दोघे जर्मन पाणबुडीबांधणी शिकायला निघाले होते. शिवाय जपानी टॉर्पेडोचे नमुने आणि बर्लिनमधल्या जपानी वकिलातीसाठी सुमारे दोन टन सोनं. जर्मनांकडून जपानकडे नवी शस्त्रं आणि आराखडे गेले. एकूण बघता दोन मित्रराष्ट्रांमधला हा मालाचाही व्यवहार होता, आणि त्यात दोन प्रवासी बदलले गेले.

तोमोनागा यांचा शेवट दुःखद झाला. एप्रिल १९४५ मध्ये ते यू-२३४ या जर्मन पाणबुडीने जपानला परत निघाले. त्या बोटीत ५६० किलो युरेनियम ऑक्साइड होतं. वाटेतच जर्मनीने शरणागती पत्करली, कप्तानाने अमेरिकेकडे बोट सोपवायचं ठरवलं, आणि तोमोनागा व त्यांचे सहकारी गेन्झो शोजी या दोघांनी झोपेच्या गोळ्या घेऊन जीव दिला. त्यांना समुद्रातच निरोप दिला गेला.

नेताजी पुढे कुठे उतरले?

६ मे १९४३ ला सुमात्राच्या उत्तर टोकाजवळच्या साबांग बेटावर. कीलपासून मोजले तर ८६ दिवस. तिथून 'मात्सुदा' या नावाने विमानाने टोकियो. जुलैत सिंगापूरला त्यांनी रासबिहारी बोस यांच्याकडून चळवळीची सूत्रं घेतली आणि २१ ऑक्टोबर १९४३ ला आझाद हिंद सरकार जाहीर केलं. सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले तेव्हा आझाद हिंद फौजेत वरिष्ठ अधिकारी होते.

गोव्यातल्या जर्मन जहाजांशी यू-१८० चा संबंध होता का?

हा प्रश्न गोवेकर हमखास विचारतात, आणि तारखा पाहिल्या की का विचारतात ते कळतं. तेव्हा गोवा पोर्तुगीजांचा, म्हणजे तटस्थ. मुरगावच्या बंदरात 'एरेनफेल्स' आणि आणखी काही जर्मन-इटालियन जहाजं युद्ध सुरू झाल्यापासून अडकून पडली होती. एरेनफेल्सवरून छुप्या रेडिओने पाणबुड्यांना ब्रिटिश जहाजांची खबर जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या दलाचे बहुतेक मध्यमवयीन हौशी सैनिक 'फीबी' नावाच्या गाळ वाहणाऱ्या बोटीतून मुरगावात शिरले. झटापट झाली, आणि जर्मन खलाशांनी आपलीच जहाजं पेटवून बुडवली.

त्या रात्री यू-१८० अटलांटिकमध्ये होती. ती अरबी समुद्रात कधी आलीच नाही. मादागास्करजवळून ती मागे फिरली. तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच सुमाराच्या असल्या तरी वेगळ्या आहेत.

मग मुंबईच्या समुद्रात जर्मन पाणबुड्या आल्या होत्या का?

आल्या होत्या, पण वेगळ्या. १९४३ च्या उत्तरार्धात जर्मनीने 'मोन्सून' नावाचा पाणबुड्यांचा ताफा हिंदी महासागरात पाठवला. पेनांगला त्यांचा तळ होता. त्यातल्या यू-१६८ ने ऑक्टोबर १९४३ मध्ये 'हायचिंग' हे मालवाहू जहाज मुंबईच्या पश्चिमेला बुडवलं, आणि शिडाच्या गलबतांवर तोफा डागल्या. ताफ्याचं नाव ठेवताना जर्मनांनी पावसाळ्यानंतर हल्ला करायचं गणित मांडलं होतं, कारण पावसाळ्यात अरबी समुद्र कसा असतो हे त्यांनाही कळून चुकलं होतं.

परतीच्या वाटेवर यू-१८० ने काय केलं?

३ जून १९४३ ला असेन्शन बेटाच्या आसपास 'बोरिस' हे ५,१६६ टनांचं ग्रीक मालवाहू जहाज बुडवलं आणि ३ जुलैला बोर्दो गाठलं. जवळपास पाच महिन्यांची सफर, दोन जहाजं, एकूण १३,२९८ टन. तिच्या लढाऊ आयुष्याचा हिशेब इथेच संपतो.

त्यानंतर तिचं काय झालं?

ती वाहतूक पाणबुडी झाली. सहाही इंजिनं काढली आणि त्यांच्या जागी दोन साधी, कमी ताकदीची पण भरवशाची डिझेल इंजिनं बसवली. टॉर्पेडोच्या नळ्याही काढल्या. त्या जागेत सुमारे २५० टन माल बसू लागला. अटलांटिकमधून साधी जहाजं जपानला पोचेनाशी झाली होती, त्यामुळे जपानला जर्मन माल आणि तिकडून रबर, कथील, क्विनीन आणायला पाणबुड्याच उरल्या होत्या. २ एप्रिल १९४४ ला ती पुन्हा सेवेत आली. आता कप्तान होते रोल्फ रीझेन.

ऑगस्ट १९४४ पर्यंत दोस्त सैन्य नॉर्मंडीतून पुढे सरकलं होतं आणि बोर्दो सोडायची वेळ आली होती. २० ऑगस्टला यू-१८० जपानच्या वाटेला लागली. बिस्केच्या उपसागराने तिला पुढे जाऊ दिलं नाही. २३ ऑगस्टपासून ती बेपत्ता मानली जाते. बहुधा बोर्दोच्या पश्चिमेला पाण्यात पेरलेल्या सुरुंगावर ती गेली. बोटीवरचे ५६ च्या ५६ जण गेले.

तिच्या जोडीची यू-१९५ वाचली का?

वाचली. त्याच दिवसांत बोर्दोहून निघालेल्या यू-१९५ आणि यू-२१९ या दोन्ही डिसेंबर १९४४ मध्ये बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, पोचल्या. जर्मनीच्या शरणागतीनंतर जपानने त्या ताब्यात घेतल्या.

आणि जपानी आय-२९?

ती पुढे फ्रान्सला जाऊन परतही आली. पण २६ जुलै १९४४ ला, जपान अगदी टप्प्यात असताना, फिलिपिन्सच्या उत्तरेला बालिंतांग सामुद्रधुनीत अमेरिकन पाणबुडी 'सॉफिश'ने तिला बुडवलं. यू-१८० च्या जवळपास एक महिना आधी.

इंटरनेटवर नेताजींचा पाणबुडीवरचा फोटो दिसतो, तो कुठल्या बोटीवरचा?

फोटो दोन प्रकारचे आहेत आणि त्यांच्याखालच्या ओळींची सतत अदलाबदल होते. बोटीच्या मनोऱ्यावर नेताजी मुसेनबर्ग यांच्यासोबत दिसतात तो यू-१८० चा. बरेच जपानी खलाशी रांगांमध्ये बसले-उभे आहेत आणि त्यांच्यात नेताजी पुढच्या रांगेत आहेत, तो आय-२९ वरचा, बदलीनंतरचा. पुष्कळ ठिकाणी हा दुसरा फोटो 'जर्मन पाणबुडी' म्हणून छापलेला दिसतो. चेहरे नीट पाहिले तर चूक लगेच कळते.

या माणसांची स्मारकं कुठे आहेत?

नेताजी जिथून निघाले त्या कीलच्या खाडीच्या तोंडाशी म्योल्टेनऑर्ट इथे जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्यांचं स्मारक आहे. तिथे ब्राँझच्या पाट्यांवर बोटीबोटीने खलाशांची नावं कोरली आहेत. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर गेलेल्यांची नावं लंडनला टॉवर हिलजवळ आहेत. आणि दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांची नावं एका मोठ्या नोंदवहीत लिहून ठेवली आहेत. तिची एक प्रत चितगावला असते आणि एक आपल्या मुंबईत.